आतली बाजू तुमची, बाहेरची माझी

माझ्यापासून मालकाचा फायदा दुहेरी होता. घराचं भाडं भाडेकरूंकडून आणि माझं दर्शन घडवण्याचं कमिशन पर्यटक फिरवणाऱ्या छत्रीवाल्याकडून. दरवाज्याला दोन बाजू असतात, हे त्याच्याइतकं कुणालाच उमगलं नसेल.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. शहराच्या सगळ्यात जुन्या भागात, एका अरुंद गल्लीत उघडतो. मला घडवलं ते एका सुईणीच्या घरासाठी. सुताराने जाड फळ्या जोडल्या आणि मधोमध हाताएवढी पितळी कडी बसवली. तिचा आवाज थेट माजघरापर्यंत जायचा. कडी वाजली की सुईण चपलेत पाय सरकवतच मला उघडायची. गरज नसताना त्या कडीला कुणी हात लावत नसे. गल्लीत खेळणारी पोरंसुद्धा नाही.

सुईण गेली आणि घर बरेच हात फिरलं. एकाने फरशीवर फरशी बसवली. मी अडकायला लागलो, तर त्याने मलाच खालून चार बोटं कापलं. आत्ताच्या मालकाने घराचं नूतनीकरण काढलं, तोवर जुन्याची चलती आली होती. त्याने वरची फरशी उखडून खालचा दगड उघडा केला, मला तेलपाणी केलं, कडी लखलखीत घासली. माझी चार बोटं मात्र कुणी परत आणून दिली नाहीत. खाली फट राहिली. "हवा खेळती राहते," असं तो घर दाखवताना सांगायचा.

मग माय-लेकी घर बघायला आल्या. लेक इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला होती. झोपायची ती दिवसा.

"शांतता आहे ना?" एवढंच तिने विचारलं.

"गल्लीत स्कूटरसुद्धा शिरत नाही," मालक म्हणाला.

ते खोटं नव्हतं. करारात 'घराच्या दर्शनी भागाला हात लावू नये' असं एक कलम होतं. "रंगाबिंगाचं असतं हो ते," म्हणत त्याने पेन पुढे केलं. लेकीने सही केली.

पहिल्याच सकाळी ती कामावरून येऊन आडवी झाली, तोच कडी वाजली. आई ओले हात पुसत आली आणि हसतमुखाने मला उघडलं. समोर घोळकाभर पाहुणे, आणि पुढे लाल छत्री उंच धरलेला माणूस. जुनं शहर फिरवून दाखवणं हा त्याचा धंदा.

"कोण हवंय?"

"कुणी नाही, मावशी. यांना आवाज ऐकवत होतो." मग पाहुण्यांकडे वळून तो म्हणाला, "बघा, इथे अजून माणसं राहतात!"

भराभर फोटो निघाले.

त्या दिवशी कडी चारदा वाजली, आणि पुढे रोजच. आई दर वेळी मला उघडून तोफ डागायची, "आत माणूस झोपलंय. कुणाशी काम असेल तर वाजवा, नाहीतर चालते व्हा!" परिणाम उलटा झाला. छत्रीवाला आधीच बजावू लागला, "थांबा हं, आता मावशी चिडतील." मावशी चिडल्या की टाळ्या पडत.

शेवटी आईने लेकीचा लोकरीचा पायमोजा कडीवर चढवला. दोन दिवस घरात खरी झोप उतरली. तिसऱ्या दिवशी मालक आला.

"काकू, दरवाज्याला पायमोजा? लोक फोटो काढतात हो!"

"मुलगी दिवसा झोपते."

"मग झोपू द्या की! मी कुठे आत येतोय?"

"कडी वाजते."

"कडी वाजायलाच असते. आणि हे बघा, आतली बाजू तुमची, बाहेरची माझी. करारात आहे."

त्याने पायमोजा काढला आणि नीट घडी घालून आईच्या हातात दिला. माणूस तसा टापटिपीचा.

एका सकाळी लेक आली ती मला टेकून खालीच बसली. "आई, आज दोन नळ्यांवर एकमेकींची नावं चिकटवत होते. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. शेजारणीने हात धरला म्हणून बरं."

आईने भांडी बांधायला काढली.

त्या गेल्या, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभी गाडी सुरू व्हायच्या आतच लेक मान टाकून झोपली होती. आईने मला ओढून घेतलं, तेव्हा दुसरा हात कडीवर ठेवला. इतकी वर्षं मला बंद करणारे खूप झाले. कडी वाजू नये म्हणून जपणारी ही एकटीच.

आता नवे भाडेकरू यायचे आहेत. कडी रोज वाजते, मला उघडायला आत कुणी नाही. मी दमलो आहे, मित्रांनो. जुनं काही आवडलं तर खुशाल बघा, दुरून हात जोडा. पण आतलं माणूस हवं असेल, तरच कडीला हात लावा.

हिशेब म्हणाल तर सरळ आहे. मालकाला भाडं मिळालं, छत्रीवाल्याला टाळ्या, पाहुण्यांना फोटो. सगळ्यांचं देणं त्या पोरीने झोपेतून चुकतं केलं.