माझे हरवलेले सात मिलिग्रॅम

पोस्टाच्या तिकिटाएवढी, राखाडी, एका कोपऱ्यात जराशी वाकलेली अशी मी प्लॅटिनमची जुनी जाळी आहे. मित्रांनो, मला पाहून कोणी थांबणार नाही. पण एकदा माझ्यामुळे एका मुलीची चार वर्षांची मेहनत मातीमोल होणार होती. आज ते आठवले की हुश्श म्हणावेसे वाटते.

केसाएवढ्या तारा विणून मला घडवले आणि काचेच्या नळीत बसवले. स्वीडनच्या उत्तरेकडील एका विद्यापीठात, विद्युतरसायनाच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. आम्ल मिसळलेल्या पाण्यात उभे राहायचे आणि वीज वाहू द्यायची, एवढेच माझे काम. समोरच्या टोकाला तपासायचा पदार्थ असे. त्याच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येत. जळताना धूर न करणारे ते इंधन! कौतुक नेहमी समोरच्याचेच. माझ्याबद्दल लोक एवढेच म्हणत, "हिला काय होतंय? ही झिजत नाही."

ते पूर्ण खरे नव्हते, आणि हे गुनवोरला ठाऊक होते. ती प्रयोगशाळा सांभाळायची. तिच्या हातांना वेलदोड्याच्या पावाचा वास असे. प्रत्येक प्रयोगानंतर ती मला धुई, ज्योतीत लाल करी आणि तराजूवर ठेवी. मग कपाटाच्या दारामागच्या कागदावर माझे वजन लिही. किती हलके हात होते तिचे!

गुनवोर निवृत्त झाली आणि वजन करणे थांबले. मी महिनोन्‌महिने एका चंचुपात्रात पडून राहिले. माझा कोपरा वाकला तो तेव्हाच.

मग इल्वा संशोधनासाठी आली. पाण्यातून हायड्रोजन काढण्यात महागडे प्लॅटिनम सर्वांत हुशार; तेच काम लोखंड आणि फॉस्फरसच्या स्वस्त काळ्या पुडीकडून करून घ्यायचे, हा तिचा ध्यास. तिने पूड एका टोकाला लावली आणि समोर मला उभे केले. पहिल्या दिवशी बुडबुडे बेताचेच आले. आठवड्याने दुप्पट झाले. आलेखाची रेषा रोज वर चढू लागली.

"इल्वा, ही पूड तुझ्यापेक्षा लवकर शिकते!" तिचे प्राध्यापक टॉर्केल म्हणाले.

मी मात्र घाबरले होते. जोराच्या विजेने मी कणाकणाने विरघळत होते, आणि माझे कण पलीकडे जाऊन त्या पुडीवर बसत होते. ती हुशारी माझी होती! इल्वाचा प्रबंध दोन महिन्यांत छापायला जायचा होता. पुढे कोणी तो प्रयोग पडताळला असता, तर तिला खोटारडी म्हटले असते. आणि मला तोंड नाही.

एका गुरुवारी गुनवोर कॉफीला आली. इल्वाने तिला आलेख दाखवला.

"रोज सुधारते ही?" गुनवोरने विचारले.

"रोज!"

"बाई गं! या इमारतीत वापरून वापरून सुधारलेलं मी काहीच पाहिलं नाही. टॉर्केलसुद्धा नाही."

टॉर्केल हसले. गुनवोर हसली नाही. "समोर काय लावलं होतंस?"

"ती जुनी जाळी."

"वजन केलंस तिचं?"

"प्लॅटिनम कशाला झिजेल?"

गुनवोरने वाद घातला नाही. तिने मला धुतले, वाळवले, तराजूवर ठेवले. कागदावरचा शेवटचा आकडा पाहिला. मी सात मिलिग्रॅमने कमी भरले.

इल्वाने आकडा पुन्हा वाचला. "म्हणजे माझी पूड..."

"तुझी पूड वाईट आहे, असं कुठं म्हटलं मी? तिच्या अंगावर उसने दागिने आहेत, एवढंच. उतरवून बघ."

"आणि दागिन्यांखाली काहीच नसलं तर?"

"तर ते आधी तुला कळेल. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं."

इल्वाने मला कपाटात ठेवले. नवी पूड केली आणि समोर ग्रॅफाइटची कांडी लावली, म्हणजे प्लॅटिनमचा कणही पुडीवर जाणार नाही. मी दाराआडून कान देऊन होते. तीन आठवडे खोलीत हसण्याचा आवाज नव्हता.

मग एका सकाळी ती ओरडली, "टॉर्केल, इकडे या! रेषा सपाट आहे!"

"अरेरे!"

"अरेरे काय? सपाट आहे, म्हणजे घसरत नाही! आकडा आधीच्या निम्मा आहे, पण सगळा या पुडीचा स्वतःचा आहे. लोखंडाकडून एवढं काम इथं कोणीच करून घेतलं नव्हतं!"

टॉर्केलनी आकडे दोनदा तपासले आणि मग तिला मिठीच मारली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनावरचा दगड उतरला. इल्वाने प्रबंधातले ते प्रकरण नव्याने लिहिले. माझी झीजही त्यात मोकळेपणाने मांडली, म्हणजे दुसरा कोणी फसणार नाही.

प्रबंध छापून आला. आमच्या रिवाजाप्रमाणे इल्वाने तो सगळ्यांसमोर लाकडी फळीवर खिळ्याने ठोकला. पहिला खिळा वाकडा गेला, तेव्हा गुनवोर म्हणाली, "रसायनवाल्यांच्या हाती हातोडी देऊ नये!" मग तिनेच दुसरा खिळा पुढे केला.

आता मला पुन्हा धुतात, तापवतात, तोलतात. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारख्या जुन्या वस्तू असतील. "तिला काय होतंय?" असे म्हणून त्यांना विसरू नका. आम्ही मुकाट्याने झिजतो. आमची झीज कुठे जाऊन चमकते, ते आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्हीच पाहायला हवे.