गल्लीकडचे दार

मित्रांनो, तुम्ही आत्ता ज्या दालनात पुस्तक उघडून बसला आहात, ते दालन म्हणजे मी. या मळ्यावरचे जुने धान्याचे कोठार. माझे वय मला नीटसे सांगता येणार नाही. पण मला बांधणाऱ्या गवंड्यांची मुलेसुद्धा आता म्हातारी झाली आहेत.

मला बांधले तेव्हा मळा केवढा तरी मोठा होता. मधोमध मालकांचे दुमजली घर, बाजूला गोठे, समोर फरसबंद खळे आणि गावाच्या अंगाला मी. धान्याला चोरांची भीती, म्हणून गल्लीकडच्या माझ्या भिंतीत मालकांनी साधा झरोकाही ठेवला नाही. माझे दार आतल्या अंगणात उघडे. गावाला माझी फक्त पाठ ठाऊक होती.

सुगीत मला दम घ्यायला फुरसत नसे. पोत्यांच्या थप्प्या तुळयांना टेकत. मालक पाहुण्यांना घेऊन येत आणि माझ्या भिंतीवर थाप मारून म्हणत, "इथला दाणा कधी भिजला नाही बघा!" मी फुशारून जात असे.

दाराबाहेर बायका धान्य पाखडत. त्यांच्यात एक नव्यानेच लग्न होऊन आलेली मुलगी होती. तिचा हात इतका सफाईचा, की सगळे तिला सूपवालीच म्हणू लागले. तिची जीभही तितकीच तयार होती. तिच्या एकेका बोलण्यावर बायका पोट धरून हसत. मालकांची चाहूल लागली की मात्र सगळ्या चिडीचूप. मळ्याच्या मोठ्या दरवाजातून आत यायचे ते चपला हातात घेऊन आणि मान खाली घालून, अशी इथली रीत होती. ती कोणी घातली, कोणी विचारले नाही.

पुढे मालक गेले. मुले शहरात रमली. शेते तुकड्या-तुकड्याने विकली गेली, गोठे ओस पडले. माझी कौले सरकली, पाणी आत आले, तुळयांवर कबुतरांनी संसार थाटले. माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. मित्रांनो, रिकामे असण्याचे दुःख मला फारसे नव्हते. पण कोणी दार ढकलूनही पाहत नाही, हे मनाला फार लागे.

अखेर मालकांच्या नातीने उरलेली सगळी वास्तू गावाला देऊन टाकली. तिची अट एकच होती : "आजोबांच्या भिंतींना हात लावू नका."

गावाला वाचनालय हवे होते, दवाखान्याला जागा हवी होती, सभेसाठी छप्पर हवे होते. हे सारे इथे कसे बसवायचे ते ठरवायला शहरातून एक वास्तुरचनाकार आल्या. काखेत सदा कागदाची भेंडोळी, म्हणून गावाने त्यांचे नाव ठेवले नकाशावाल्या बाई. त्यांनी खळ्यावर खुर्च्या मांडून सभा बोलावली. तरुण मंडळी आली. पण ज्यांनी जन्मभर इथे घाम गाळला, ते म्हातारे लोक दरवाजाबाहेरच घुटमळत उभे राहिले. बाई उठून बाहेर गेल्या.

"मावशी, आत या ना. आता हे तुमचंच आहे."

"असू दे गं. आम्हाला इथून ऐकू येतं," सूपवाली मावशी म्हणाली. तिचे गुडघे दुखत होते, तरी ती उभीच होती.

"पण का?"

मावशीने दरवाजाकडे पाहिले. "या दारातून पाय टाकला की मान आपोआप खाली जाते. सवयच लागलीय तशी. आता या वयात नाही वाकायचं मला."

बाईंनी काखेतली भेंडोळी उलगडून पाहिली. गावासाठी आखलेले सारे नकाशे त्यांनी त्याच दरवाजापासून सुरू केले होते.

काही दिवसांनी बाई मालकांच्या नातीला घेऊन गल्लीत आल्या. जन्म या घराण्यात, पण ही बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. मावशी तिथेच ओट्यावर बसली होती.

"भिंत केवढी सुंदर आहे," नात म्हणाली. "ती फोडायची?"

"चांगलीच आहे की," मावशी म्हणाली. "दुपारची सावली देते. पण पोरी, एवढ्या वर्षांत आम्हाला तिची सावलीच तेवढी मिळाली बघ."

नात बराच वेळ भिंतीवर हात फिरवत राहिली. मग तिने हळूच विचारले, "कुठं करूया दार?"

मित्रांनो, भिंतीत दार फोडणे माझ्यासाठी सोपे नव्हते. गावातल्या मिस्त्रींनी आतून लाकडी टेकू लावले, तरी पहिला लांब दगड निघताच माझी एक तुळई करकरली आणि कौलांचा एक पट्टा धाडकन खाली आला. कोणाला लागले नाही, पण काम थांबले. "जाऊ दे, मोठ्या दरवाजाचीच डागडुजी करू," असे काहीजण म्हणू लागले. मलाही वाटले, आता मी कोसळणार. पण बाई मागे हटल्या नाहीत आणि मिस्त्रीही. दोघांनी मिळून जास्तीचे टेकू दिले, वर लोखंडी तुळई बसवली आणि मग एकेक दगड असा उतरवला, जणू झोपलेले मूल खाली ठेवत आहेत. शेवटचा दगड निघाला तेव्हा गल्लीतला उजेड सरळ माझ्या पोटात शिरला. तो उजेड मी कधी पाहिलाच नव्हता.

वाचनालय सुरू झाले त्या दिवशी मावशी गल्लीतून थेट आत आली. तिने चौफेर नजर फिरवली. भिंतीलगतच्या बाकावर जरा वेळ बसली. सगळे तिच्याकडे पाहत होते. आता ती काहीतरी गोड बोलेल, असे मलाही वाटले. तिने कपाळाला आठी घातली.

"इथं वारा फार येतो," ती म्हणाली. "हे बाक तिकडं सरकवा."

या आवारात तिने कोणाला काही फर्मावण्याची ती पहिलीच वेळ. मग मालकांच्या नातीने बाकाचे एक टोक धरले, मिस्त्रींनी दुसरे, आणि बाक उचलले गेले.

म्हणून सांगते मित्रांनो, माझी काळजी घ्या. कौल सरकलेले दिसले तर मोठ्यांच्या कानावर घाला. भिंतीवर नावे कोरू नका. पण मला कुलूप लावून जपू नका; रोज या, भांडा, हसा, बाके हवी तिकडे सरकवा. फक्त फरपटत नेऊ नका, दोघांनी मिळून उचला. फरशी नवी आहे.