उसातून गेलेली लग्नपत्रिका

“सांगून कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पावणं, पर ह्याच मलकापुरात एक लग्नपत्रिका भरल्या ट्रॉलीतल्या उसातनं आरपार गेली!” असं म्हणून आकारामतात्या रसूलभाईंच्या प्रेसातल्या स्टुलावर ऐसपैस झाले.

पाहुणे म्हणजे म्हसवडचे कोंडीबा. लेकीच्या पत्रिका छापायला आलेले. रसूलभाईंची सून जीनत त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती, ती लेकराला काखेत घेऊन दारातच थबकली. सासरे आत मशीनला शाई लावत होते, आणि तात्यांचा आवाज मशीनलाही दाबून टाकणारा.

गोष्ट तिच्याच कामाची होती. प्रेस रस्त्याच्या अल्याड, घर पल्याड. जीनत माडीवरच्या कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायची, ती प्रेसातल्या कॉम्प्युटरवर उमटायची आणि प्रिंटरमधून बाहेर पडायची. गिऱ्हाईक प्रेसात बसून फर्मावणार, “थोरल्या मामाचं नाव वर घ्या.” तेवढ्यात धाकटे मामा रुसणार. मग रसूलभाई खिडकीकडं तोंड करून हाळी देणार, आणि माडीवर जीनत मामांना वरखाली करणार.

दोन कॉम्प्युटरांना जोडणारी वायर रस्त्यावरून टांगलेली. साखर कारखान्याचा हंगाम लागला की ट्रॉल्या माडीइतक्या उंच भरून येत, आणि वायर उसाच्या शेंड्यांत गुंतून कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत फुकट प्रवास करून येई. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर रसूलभाई कंटाळले. “आता माडीवरचा कॉम्प्युटर प्रेसात नेतो, बाहेरचा माणूस बसवतो. तू लेकरू सांभाळ,” म्हणाले. लेकरू तर जीनत सांभाळतच होती. पण बोटांखालची अक्षरं कुणा परक्याच्या हाती जाणार, म्हणून तिला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तिचा नवरा अजीम दुबईला. तिथल्या ऑफिसनं टाकून दिलेली, वायरीशिवाय कॉम्प्युटर जोडणारी दोन बिनतारी कार्डं त्यानं गावच्या माणसाबरोबर धाडली. कार्डं फुकटची, पण त्यांची लाट रस्त्याच्या मध्यावर येऊन दमायची. तेव्हा पलटणीत सिग्नलला नोकरी करून आलेले तात्या पुढं झाले. वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे, एक माडीच्या खिडकीत, एक प्रेसाच्या दारावर, समोरासमोर तोंडं करून बसवले आणि कार्डांच्या एरियलच्या तारा त्यांत सोडल्या. पत्रिका सुरळीत येऊ लागल्या. इथवर सगळं खरं. फक्त तात्यांच्या तोंडी ते डबे आता तांब्याचे झाले होते आणि लडाखहून आले होते.

“आन् मग कारखान्यावर नंबर तुंबला,” तात्या म्हणाले. “ट्रॉल्यांची रांग पार हितवर. एक ट्रॉली बराब्बर दोन डब्यांच्या मधी उभी. ऊस म्हंजे काय, पाणीच की! समदी लाट गिळली त्यानं. हिकडं उंब्रजचा वरबाप अडून बसलेला. आत्ता पत्रिका द्या, न्हाईतर साताऱ्याला जातो.”

“मग ट्रॉली फुडं घ्यायची,” कोंडीबा म्हणाले.

“डायवर म्हनतो, तात्या, जीव मागा, पर नंबर मागू नका!”

“मग वं?”

“मग काय, चढलो ट्रॉलीवर. लांबलचक ऊस उपसला. बुडखा ह्या डब्यात, शेंडा त्या डब्यात. लाट शिरली की रसात! कांड्याकांड्याला इसावा घेत आली, पर आली. पत्रिका निघाल्या त्या अशा गोड की गठ्ठ्याला मुंग्या लागल्या. मुहूर्त चिकटला मामाच्या नावाला, म्हणून तर मामा लग्नाला येळंवर आला!”

कोंडीबा हसून हसून ठसकले. “म्हंजे उसाच्या दिसातबी ह्या डब्याचा भरवसा हाय म्हना!”

“सोळा आणे!”

आतलं मशीन थांबलं होतं. जीनतनं तात्यांना डोळ्यानं खुणावलं, बास. तात्यांचं लक्ष कुठलं!

त्या दिवशी खरं काय झालं ते तिला ठाऊक होतं. ट्रॉली हलेना, तेव्हा तिनं पत्रिका फ्लॉपीत घेतली, भाजी घ्यायच्या टोपलीत घातली आणि टोपली दोरीनं खाली सोडली. भाजीवाल्या धोंडुबाईनं ती फ्लॉपी मेथीखाली झाकून प्रेसाच्या मागल्या दारानं तात्यांच्या हाती दिली. सासऱ्यांना तात्यांनी सांगितलं, लाट आली. बाहेरच्या माणसाचं नाव त्या दिवसापासून घरात निघालं नव्हतं. जीनत खोटं बोलली नव्हती. गप्प राहिली होती, एवढंच. ट्रॉली आडवी आली की आजही ती टोपलीच सोडायची.

शाईचे हात पुसत रसूलभाई बाहेर आले.

“झूट हाय समदं, तात्या,” ते म्हणाले. “पत्रिका उसातनं न्हाई, मेथीतनं आली. तुमी फ्लॉपी उलटी कोंबत बसला हुता, आत जाईना. तुमी तंबाखूला बाहीर गेला, तवा सुलटी करून मीच सारली. आन् त्याच सांजंला त्या बाहेरच्या माणसाला निरोप धाडला, येऊ नगंस म्हणून.”