पिवळ्या रेघेपलीकडचं खोकं

आमच्या गावच्या इतिहास मंडळाला म्हणे जुन्या स्टेशनावर पाटी लावायची आहे: 'दोन रेल्वे कंपन्यांच्या सहकार्याचं प्रतीक'. मला भाषणाला बोलावलंय. त्या स्टेशनात मी एकवीस वर्षं कॉफी विकली.

सहकार्य कसलं डोंबलाचं! इमारत एक, पण उत्तर कंपनीची खिडकी वेगळी, दक्षिणवाल्यांची वेगळी, आणि फलाटावर आडवी पिवळी रेघ. एकाच्या मालाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा करारच होता. माझा गाळा मधोमध. मालाला हात लावला तर गाळा सोडायचा, हे मीही सही करून मान्य केलेलं.

अकरा सालच्या जानेवारीत गावाबाहेरच्या मळेवाल्या एमिल फॉसच्या सहा वर्षांच्या लेकीला घटसर्प झाला. डॉक्टर तिच्या उशाशी अडकलेले. त्यांनी तारेनं औषध मागवलं आणि आल्याबरोबर मळ्यावर धाडा म्हणून स्टेशनात निरोप ठेवला. सकाळी उत्तरवाल्यांची गाडी आली ती जरा पुढेच थांबली. गार्डनं औषधाचं खोकं टाकलं रेघेच्या दक्षिणेला, बर्फात.

"प्रुइट, तुझं खोकं माझ्या अंगणात पडलंय," दक्षिणेचा स्टेशनमास्तर लिंडक्विस्ट उत्तरेच्या स्टेशनमास्तराला म्हणाला.

"मग दे की इकडे."

"मी हात लावू? म्हणजे फुटलं तर माझ्या नावानं बोंबलायला तू मोकळा!"

"आणि मी रेघ ओलांडली की तू वर चुगली करणार. गेल्या महिन्यात केलीसच की."

मग दोघांनी आपापल्या मुख्य कचेरीला परवानगीची तार केली आणि माझ्याकडे येऊन, एकमेकांकडे पाठ करून, कॉफी पीत बसले. शी! माणसं म्हणायची की ओंडके? मी दोघांना शिव्या घातल्या, आणि त्यांचे कप पुन्हा भरले. असे तीन तास गेले. कुठूनच उत्तर आलं नाही.

दुपारी एमिल स्वतःच घोडा दौडवत आला. कुणाला न विचारता त्यानं खोकं उचललं, उघडलं. औषध गोठून बाटली तडकली होती. त्या दोघांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"हेस्टरबाई, हे कधीपासून पडलंय?"

"सकाळपासून."

"तुमच्या दारापासून किती पावलं?"

मी तेव्हा पहिल्यांदा मोजली. "सात," म्हणाले.

मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. माझा गाळा मात्र राहिला, आणखी बारा वर्षं.