दुर्गाकाकीचा धावडा

मशीन घ्याची तं चालवून पाहून घ्याची, हा माहा हट्ट. मोबाईलवर व्हिडिओ पाहून वस्तू घेनाऱ्याले मी अर्धवट म्हनतो. बालाघाटात आमची लाकडाची टाल हाय. ढाब्यावाल्यायले, लग्नाच्या आचाऱ्यायले जळतन आमीच देतो, अन् घाटावर मयताले जानारं लाकूडबी इथूनच जाते. फाडाचं काम माह्या बापाच्या वेळेपासून महागूकाका कुऱ्हाडीनं करत आले. आता त्यायची कंबर गेली. म्हनून गोंदियाच्या दुकानदाराले सांगतलं, तुह्याकडच्या फाडाच्या दोन्ही मशिनी टालवर पाठव, माह्या डोळ्यासमोर लाकूड फाडून दाखव.

रविवारी त्याचा मानूस लोकेश दोन्ही मशिनी पिकअपमंदी घालून आला. एकीले फिरता टोकदार पेच होता, तो लाकडात घुसून लाकूड उकलते. ती स्वस्त. दुसरी लाकडाले हळूहळू पातीवर दाबते. ती महाग. महागूकाका त्या दिवशी नव्हते, बायकोले, दुर्गाकाकीले घेऊन सरकारी दवाखान्यात गेलते. काकीचा दमा वाढून राह्यला होता. बाकी मात्र सारा मोहल्ला जमला. फुकटचा तमाशा कोन सोडते?

बाभळीचे ओंडके दोन्ही मशिनीनं फाडले. लोकेश फुलला. तं चहावाला भोजराज म्हने, ओल्या बाभळीत तं माही म्हातारीबी शेर हाय, धावडा फाडून दाखवा. सारे हासले. मले लागलं ते. धावडा म्हंजे लोखंड, त्याच्यात जे टिकते तेच खरं. पन लग्नसराईत सुकं लाकूड सारं उठलं होतं. टालवर सुका धावडा एकाच जागी होता, मागच्या टिनाखाली.

तो टालचा नव्हता. तो दुर्गाकाकीचा होता. आमच्याकडं म्हातारी मानसं आपली शेवटची लाकडं जितेपनीच बाजूले काढून ठेवतात. मंग त्या लाकडाले कोनी हात लावत नाही, घरात लगीन असलं तरी नाही. काकी स्वतः येऊन, हात फिरवून, एकेक ओंडका पसंत करून गेलती. उचलून टिनाखाली कोनं ठेवले? एका बाजूनं महागूकाकानं, दुसऱ्या बाजूनं मी.

तरी म्हनलं, एकच घेतो. एकानं काय होते?

ओंडका लांब, मशीनमंदी मावे ना. आरा लावून तुकडे केले. पेचवाली मशीन अर्ध्यात अडकली अन् धूर काढाले लागली. महागवालीनं कडाड करून दोन फाका केल्या. लोकायनं टाळ्या वाजवल्या, अन् मले चेव आला. गाठीचं फाडते काय, पाहू. आडवं फाडते काय, पाहू. भोजराज म्हने अजून एक, मी म्हनलं आन अजून एक. टिनाखालची जागा कधी रिकामी झाली, मले समजलं नाही. नाही, खोटं काहून बोलू? समजलं होतं. पन तवा थांबलो असतो तं चार लोकायत काहून थांबलो ते सांगा लागलं असतं.

लोकेशसंग सौदा पक्का करूनच राह्यलो होतो, तं महागूकाका आले. हातात औषधाची पिशवी. त्यायनं आधी मशीन पाह्यली, मंग खालचा ढीग पाह्यला. धावड्याचा लाल गाभा लपत नाही. त्या ढिगावर भाकरी शिजली असती, मानूस जळला नसता.

सारे माह्याकडं पाहून राह्यले होते. माह्या तोंडातून निंगालं, "काका, मले मालूमच नव्हतं."

काकानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. लय वेळ नाही, जरासं. "बरं," म्हनलं, अन् पिशवी घेऊन घरी गेले. त्यायनं दोन शिव्या देल्ल्या असत्या तं मी पाय धरले असते. रात्री बायकोनं वाढलेलं तसंच राह्यलं. अशी शरम मले जिंदगीत वाटली नव्हती.

सकाळी त्यायच्या घरी गेलो. खरं ते सांगून टाकाचं, असंच ठरवून गेलो. काकी खाटेवर टेकून बसली होती, काका चुलीपाशी चहा ठेवून राह्यले होते. मी दारातच उभा राह्यलो. काकीनंच जवळ बसवलं. कोनती मशीन घेतली ते इचारलं. आता यायची कंबर वाचंल म्हनून खुश झाली. दम लागला, थांबली, मंग माह्या हातावर हात ठेवला.

"लाकडाचं मनाले लावून घेऊ नको बाबू. तुले मालूम नव्हतं, यायनं सांगतलं मले. मालूम असतं तं तू हात लावला असता काय?"

मी काकाकडं पाह्यलं. ते चुलीत फुकत राह्यले, वर पाह्यलं नाही.

"नाही काकी," मी म्हनलं.

काकानं चहा गाळला. पहिला कप मलेच देल्ला, अन् मी तो पेलो.