तीन फिल्टर आणि एक सफरचंद

राडिसावच्या ट्रकला काचेची वाटी बसली, त्या दिवसापासून वुकाशिनचे पोट दुखू लागले. डॉक्टरने पोट तपासले, त्याला काही सापडले नाही. सापडणार कसे? दुखणे शेजारच्या अंगणात उभे होते.

दोघे एकमेकांचे कूम. कूम म्हणजे लग्नात पाठीशी उभा राहिलेला साक्षीदार आणि पुढे पोराबाळांचा धर्मपिता. शुमादियाच्या मुलखात सख्ख्या भावाशी दहा वर्षे अबोला धरता येतो, कूमशी दहा मिनिटेही धरता येत नाही. त्यामुळे वुकाशिनला सगळा मत्सर हसतमुखाने करावा लागे, आणि हे फार थकवणारे काम आहे.

ट्रक दोघांचे सारखेच. सैन्याच्या एकाच लिलावातले, एकाच हिरव्या रंगाचे, पन्नाशीला टेकलेले. दोघांनी एकाच हिवाळ्यात इंजिने उतरवली. पण राडिसाव जुना फिल्टर बगलेत मारून वाल्येवो शहरातल्या दुकानात तीनदा गेला. आटे मोजले, रबरी कडीचा घेर मोजला, आतली झडप किती दाबाला उघडते ते विचारून विचारून दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. मग तेलाच्या जुन्या कापडी फिल्टरच्या जागी हाताने फिरवून बसवायचा नवा आणला, आणि डिझेलसाठी खाली काचेची वाटी असलेला, तो ट्रकच्या बाहेरच्या अंगाला लावला. डिझेलमधले पाणी त्या वाटीच्या तळाशी जमते आणि बाहेरून दिसते.

बाहेरून दिसते, तिथेच घात झाला. अर्धे गाव ते पाणी बघायला येऊ लागले.

"किती नितळ," वुकाशिनची बायको देसांका कुंपणावरून वाकून म्हणाली. "आपल्या राकियापेक्षा नितळ आहे हो."

राकिया म्हणजे आलुबुखाराची दारू, ती वुकाशिनच्या घराण्यात तीन पिढ्या गाळली जात होती. तो हसला. दात आवळले तरी हसू दिसते, हे त्याला एव्हाना कळले होते.

इतके सगळे पोटात ठेवून माणूस जगतो. पण मुलीच्या लग्नाला तीन आठवडे उरले असताना यागोदा म्हणाली, "बाबा, चर्चला मी कूमच्या ट्रकमधून जाईन म्हणते."

"का? आपली काय बैलगाडी आहे?"

"आपला ट्रक चढावर खोकतो. आणि चर्च चढावर आहे."

"चर्चला सांगू का खाली यायला?"

"लग्नाच्या सकाळी बघू," यागोदा म्हणाली. पोर समजूतदार होती, म्हणजे तिने मनाशी ठरवले होते.

वुकाशिन रात्रभर विचार करून एका सिद्धान्ताला पोचला. राकिया एकदा उतरवली तर ती पाहुण्यांना द्यावी, दोनदा उतरवली तर सोयऱ्यांना, आणि तिसऱ्यांदा उतरवली तर फक्त धर्मगुरूला. डिझेल तरी वेगळे कोण लागून गेले? राडिसावचा एक फिल्टर, तर आपले तीन. दुकानात गेल्यावर त्याने एकच मोजमाप सांगितले, "सगळ्यांत बारीक गाळणारा." ते तीन फिल्टर त्याने एकापाठोपाठ एक जोडले. बॉनेटखाली कोण बघणार, म्हणून ट्रकच्या दाराशेजारी बाहेरच्या बाजूला ठोकले. तीन वाट्या उन्हात देवघरातल्या दिव्यांसारख्या चमकू लागल्या.

ट्रक आता चढापर्यंत पोचेचना. फाटकातच मान टाकी.

राडिसावने येऊन पाहिले. "कूम, तुझा पंप म्हातारा आहे. म्हाताऱ्याला तू तीन उशांतून सरबत ओढायला लावतोयस. एकच ठेव, जरा मोठ्या भोकांचा."

"जळतोय," वुकाशिन देसांकाला म्हणाला, आणि त्या रात्री महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपला.

लग्नाची सकाळ उजाडली. दोन्ही ट्रक भरतकामाचे टॉवेल बांधून वुकाशिनच्या अंगणात उभे राहिले. रीत अशी, की उंच टांगलेले सफरचंद नवरदेवाने बंदुकीने पाडल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. सफरचंद कुठे टांगायचे हा नवरीच्या बापाचा हक्क. वुकाशिनने ते अक्रोडाच्या अशा फांदीला टांगले, जिच्या बरोबर खाली राडिसावची काचेची वाटी होती.

"कूम, सफरचंद माझ्या ट्रकवर आलंय जरा."

"आलंय खरं. पण फांदी मजबूत आहे."

नवरदेव ओग्न्येन बेलग्रेडचा दातांचा डॉक्टर. त्याने बंदूक अशी धरली होती, जणू तिला कीड लागली आहे. वुकाशिनच्या मनात पहिल्यांदाच जावयाविषयी माया दाटून आली.

पहिला बार आभाळात गेला. दुसऱ्या बाराला बंदुकीने खांद्याला असा धक्का दिला, की नवरदेव गर्रकन फिरला आणि छर्रे उलट दिशेला गेले. वुकाशिनच्या तीन फिल्टरांपैकी दोन जागच्या जागी फुटले. डिझेलची धार टॉवेलवर लागली. बँडवाले थांबले. तिसऱ्या बाराला सफरचंद पडले. छर्रा लागून पडले की देठाला कंटाळा आला, हे कुणी तपासले नाही.

यागोदा उंबऱ्यात आली आणि दोन्ही ट्रकांकडे बघत उभी राहिली.

राडिसावने नवा कोट काढला, बाह्या सारल्या, फुटके दोन फिल्टर काढून फेकले आणि नळी थेट उरलेल्या तिसऱ्याला जोडली. हातपंप मारून आतली हवा काढली.

"तुझा ट्रक तयार आहे की," वुकाशिन म्हणाला.

"तो आहेच. पण पोर तुझी आहे. चालू कर."

चांगुलपणातही हा एक पाऊल पुढेच, असे मनात म्हणत वुकाशिन ट्रकमध्ये चढला. त्याने चावी फिरवली.

ट्रक चढला. एकदाही न खोकता, शीळ घालत चढला. शेजारी बसलेली यागोदा म्हणाली, "बाबा, आपल्याच ट्रकमधून आले हं." पाऊण वळणभर वुकाशिन सुखी होता.

चर्चच्या अंगणात पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. नवरदेवाभोवती माणसांचा गराडा पडला होता.

"डॉक्टर, दोन बारांत इंजिन मोकळं केलंत म्हणे."

"माझा ट्रॅक्टरही चढावर दमतो हो. जेवण झाल्यावर जरा येऊन जाल?"

"बंदूक मी देईन," तिसरा म्हणाला.

ओग्न्येन लाजून म्हणत होता, त्यात काय विशेष. देसांका त्याच्या कोटावरची धूळ झटकत होती. "हात किती हलका पोराचा," ती सगळ्यांना सांगत होती.

वुकाशिनने राडिसावकडे पाहिले. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्याविषयी मनात काही उरले नव्हते. सगळे जावयाकडे वळले होते.

"कूम, पोरगा जरा मिरवतोच, नाही?"

राडिसावने अजून वर असलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग हळूच म्हणाला, "माझ्या वाटीकडे तर त्याने बघितलंसुद्धा नाही."