डोळ्यातला ठिपका

"काकी, फक्त ठिपका राहू दे. ठिपका मी लावसू, कॅमेरापुढे," हेमराज म्हणाला.

शोभाबाई नऊ फुटी गणपतीसमोर उंच लाकडी घोडीवर बसली होती. डोळे काढून झाले होते. बुबुळातला पांढरा ठिपका तेवढा राहिला होता. तो पडला की मूर्ती बघायला लागते.

"आनि मन्हं नाव लिशी ना?"

"लिसू ना! सांगसू, ही मन्ही काकी, हीच मन्ही उस्ताद." बोलताना त्याने गुरूचे नाव घेताना धरतात तशी कानाची पाळी धरली, आणि ती खुलली.

नंदुरबारात उस्तादांना तोटा नाही. पंक्चर काढणारा उस्ताद, वरातीत ढोल बडवणारा उस्ताद, पत्त्यांत जिंकणारा तर उस्तादच. मूर्तींच्या या कारखान्यात मात्र हा शब्द एकालाच लागायचा, डोळे काढणाऱ्याला. साचे ओतणारे, रंग फवारणारे पुष्कळ. पण डोळा चुकला की मुसळ केरात. बत्तीस वर्षे हे काम शोभाबाईचे होते. कारखाना थोरल्या दिराचा, छगनचा. त्याने जन्मात डोळ्याला हात लावला नाही. हेमराज त्याचा मुलगा. त्याचा हात धरून शोभाबाईनेच त्याला भुवईची पहिली रेघ शिकवली. डोळा मात्र त्याला कधी साधला नाही.

सुरतेची मंडळे मूर्ती बघायला आली की शोभाबाई मागच्या पडवीत असायची. "उस्ताद कोण?" असे कुणी विचारले की छगन नुसता हसायचा, आणि गिऱ्हाईक समजायचे ते समजायचे. तो वारल्यावर हेमराज तसाच हसू लागला. मागे पडवीत मात्र तो तिला दिवसातून दहा वेळा उस्ताद म्हणायचा. एकदा, फक्त एकदा, हा शब्द तिला चारचौघांत ऐकायचा होता. कुणाला हे वेड वाटेल. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी टीव्ही चॅनेलची बातमीदार मयूरी कॅमेरा घेऊन आली. शोभाबाई लग्नकार्यातली हिरवी साडी नेसून, पाण्याची वाटी धरून उभी होती. हेमराज घोडीवर चढला आणि झोकात दोन ठिपके लावून खाली उतरला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

"किती जिवंत डोळे!" मयूरी म्हणाली. "तुमचे उस्ताद कोण?"

हेमराजने कानाची पाळी धरली. शोभाबाईने पदर सारखा केला.

"माझे वडील, कैलासवासी छगन उस्ताद. ही सगळी त्यांचीच विद्या."

"आणि या?"

"या काकी. हाताखाली असतात. पाणी-बिणी देतात."

घरात अहिराणीशिवाय न बोलणारा पोरगा, पण शुद्ध मराठीत खोटे बोलताना त्याची जीभ कुठे अडखळली नाही. शोभाबाईला संताप आला. त्याहून जास्त लाज वाटली, साडी नेसून आल्याची.

चॅनेलची गाडी गेली. हेमराज त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेला, कामगार जेवायला गेले. तेव्हा तिने वर पाहिले. दोन्ही ठिपके नाकाच्या बाजूला पडले होते. उजेड एकाच बाजूने येतो, ठिपकेही एकाच बाजूला हवेत, हे तिने त्याला शंभरदा सांगितले होते. देव तिरळा झाला होता. सगळे हेमराजकडे बघत होते, देवाकडे कुणी पाहिलेच नव्हते.

जाऊ दे असाच, असे तिच्या मनात आले. दहा दिवस सुरतेची माणसे तिरळ्या देवाला हात जोडतील, आणि निघेल छगन उस्तादाच्या विद्येचे दिवाळे. क्षणभर तिला फार बरे वाटले.

"देवनी काय करं तुन्हं, शोभा?" ती स्वतःलाच म्हणाली आणि घोडीवर चढली. ठिपके ओले होते. जवळ फडके नव्हते, म्हणून तिने ते पदरानेच टिपले, बुबुळ पुन्हा काळे केले आणि दोन्ही ठिपके जिथे हवेत तिथे लावले. गणपती तिच्याकडे बघायला लागला.

खाली उतरून तिने ब्रश धुतला, रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

"ओ उस्ताद, कोठे चालनी?" हेमराजने फाटकाजवळून हाक मारली, नेहमीच्याच लाडिक आवाजात. आता ऐकायला कुणी नव्हते. "अजून बारा मूर्ती बाकी शेतस!"

या हाकेला तिने आजवर ओ दिली नाही असे कधी झाले नव्हते. ती त्याच्या बाजूने तशीच पुढे गेली.

"तुन्हा बापले हाक मार," ती म्हणाली.

पदराला पांढरा रंग लागला होता. तो तिने कमरेला आत खोचला आणि रिक्षाची वाट न बघता चालत निघाली.